‘तेच ते’ काम आणि कापलेले अकरा सेकंद



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचा व्हिडिओ-एडिटिंगशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर खडू आणि फळा वापरला. संगणकावर मराठी टाइप करायला शिकलो तेही निवृत्तीनंतर. तेव्हा या क्षेत्रातले जाणकार म्हणून आम्ही इथे उभे नाही. ज्याच्या बोलण्यावर हे यंत्र चालवले गेले, असा एक माणूस म्हणून बोलतो आहोत. शिवाय या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी एक शब्द आहे, आणि तो शब्द आमच्या विषयातला आहे. तो शब्द म्हणजे ‘तेच’. वेबसाइट, चित्रफिती, ध्वनिफिती तयार करणारे लोक म्हणतात, ‘तेच ते काम यंत्राला द्यावे’. आज या वाक्याची थोडी चिकित्सा करायची आहे.

आधी काय घडले ते सांगतो.

मागच्या वर्षी एका गावी आमचे व्याख्यान होते. विषय होता दुःख आणि समत्व. गीतेतला स्थितप्रज्ञ आणि रोमचे स्टोइक विचारवंत यांची तुलना. हा विषय आम्ही पूर्वीही अनेक ठिकाणी मांडला आहे. व्याख्यान झाले, प्रश्नोत्तरे सुरू झाली. मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या, वय साठीच्या आसपास. त्या म्हणाल्या, “सर, माझे यजमान जाऊन आठ महिने झाले. तुम्ही सांगितलंत ते सगळं समजलं. पण खरं सांगा, वेळ आली तेव्हा तुम्हाला स्वतःला याचा उपयोग झाला का?”

आम्ही गप्प राहिलो. त्याच वर्षी आमच्या घरातलेही एक माणूस गेले होते. बाईंना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सभागृहात कुणी हललं नाही. मग आम्ही म्हणालो, “पहिले काही महिने नाही झाला. नंतर थोडा झाला.” बाईंनी मान हलवली आणि त्या खाली बसल्या.

दोन महिन्यांनी त्या व्याख्यानाचा व्हिडिओ आला. त्यानंतर काही दिवसांनी बाईंचा फोन आला, संयोजकांकडून नंबर घेऊन केलेला. त्यांची मुलगी परगावी असते, ती व्याख्यानाला नव्हती. बाईंनी तिला व्हिडिओ दाखवला. मुलगी म्हणाली, “आई, तू म्हणत होतीस तसं काही वाटलं नाही गं. यांचं उत्तर तर तयारच होतं.” हे सांगून बाईंनी आम्हाला विचारलं, “सर, तुम्ही थांबला होतात ना? की मलाच तसं वाटलं?”

आम्ही व्हिडिओ उघडून पाहिला. बाईंचा प्रश्न संपतो आणि श्वास घ्यायलाही उसंत न मिळता आमचे उत्तर येते. शब्द सगळे आमचेच आहेत, एकही बदललेला नाही. पण ते उत्तर आम्ही दिलेले नाही. त्या चित्रफितीतला म्हातारा एक सराईत वक्ता आहे. विधवा बाईने विचारलेल्या प्रश्नाला त्याच्याकडे चटकन देण्याजोगे वाक्य आहे. आणि जी बाई तिथे प्रत्यक्ष हजर होती, तिला आता स्वतःच्या आठवणीची शंका येऊ लागली आहे. ही गोष्ट आम्हाला लागली, आणि तिथून हा विचार सुरू झाला.

आता हे कुणी केले? कुणीच केले नाही, हीच तर गंमत आहे. ज्या मुलांनी तो व्हिडिओ तयार केला त्यांना आम्ही भेटलो. तीन-चार तरुण मुलं, दिवसभर आपापल्या नोकऱ्या करून रात्री हे काम विनामोबदला करतात. त्यांनी आम्हाला आपली सगळी साखळी समजावून सांगितली. ती तुम्हीही नीट ऐका, कारण गोम तपशिलात आहे.

पहिली पायरी, पार्श्वभूमीचा आवाज घालवणे. सभागृहात पंखे होते, त्यांची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. सॉफ्टवेअर त्या घरघरीचा नमुना घेते आणि सगळ्या ध्वनीतून ती वजा करते. दुसरी पायरी, शांतता कापणे. इथे यंत्राला दोन आकडे द्यावे लागतात. आवाज किती डेसिबलच्या खाली गेला की त्याला शांतता म्हणायचे, आणि ती किती वेळ टिकली की कापायची. या मुलांनी एक सेकंद ठेवला होता. तिसरी पायरी, जिथे कापले तिथे चित्र उडी मारते, म्हणून कॅमेरा किंचित जवळ आल्यासारखा दाखवायचा. मग जोड कळत नाही. चौथी पायरी, आवाजाची पातळी सारखी करणे. मग सबटायटल, मग मुखचित्र म्हणजे थंबनेल, मग अपलोड. फोल्डरमध्ये फाइल टाकली की पुढचे सगळे आपोआप होते. मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडे चाळीस व्याख्यानं पडून होती. तेच ते काम होतं, म्हणून स्क्रिप्ट लिहिली.”

यात एक बारीक गोष्ट आमच्या लक्षात आली, आणि त्या मुलांच्याही तेव्हाच आली. पंख्याची घरघर तशीच ठेवली असती, तर आमचे गप्प राहणे कापले गेलेच नसते. त्या अकरा सेकंदांत (नंतर मोजले तेव्हा ते अकरा भरले) पंख्याचा आवाज होता, आणि तो त्या मर्यादेच्या वर होता. पहिल्या पायरीने पंखा काढला, म्हणून दुसऱ्या पायरीला तिथे ‘काहीच नाही’ असे दिसले. दोन्ही पायऱ्यांनी आपापले काम चोख केले. चूक कुठल्याच पायरीत नाही. चूक आहे ती साखळीत, आणि साखळीकडे बघणारे तिथे कुणी नव्हते.

आता कुणी म्हणेल, निवृत्त प्राध्यापकांना यंत्राचा राग आलेला दिसतो. तसे नाही. यंत्रांची बाजू आम्ही आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे.

तीनशे छायाचित्रे एका मापाची करायची आहेत. प्रत्येक उघडायचे, लहान करायचे, नाव बदलायचे, जतन करायचे. यात माणसाने काय मिळवायचे? मनगट दुखते आणि डोळे जातात. फोटोशॉपमध्ये ‘ॲक्शन्स’ ही सोय १९९६ साली चौथ्या आवृत्तीत आली. एकदा करून दाखवायचे, ते यंत्र नोंदवून ठेवते आणि पुढच्या शेकडो चित्रांवर तेच करते. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली एफएफएमपेग सुरू केले. आज चित्रफितींचे जगभरातले बरेचसे रूपांतर पडद्यामागे तेच करते, आणि ते फुकट आहे. २००९ साली यूट्यूबने आपोआप तयार होणारे सबटायटल जाहीर केले. त्या कामामागचे एक प्रमुख अभियंता केन हॅरनस्टीन हे स्वतः बहिरे आहेत. जगातल्या सगळ्या चित्रफितींना माणसांनी हाताने सबटायटल द्यायची म्हटली, तर ते कधीच होणार नाही. म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरतात, यंत्राने केलेले किंवा काहीच नाही. ज्याला ऐकू येते त्याने यावर नाक मुरडू नये.

आणि ही इच्छा जुनी आहे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात कल्पना केली आहे, की धोटे आपोआप विणू लागले तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या माणसालाही हे दिसत होते, की राबणे आणि यंत्र नसणे यांचा संबंध आहे. तेव्हा रटाळ कामातून सुटका मागणारा मुलगा आळशी नाही. त्याची मागणी न्याय्य आहे.

मग आमचा आक्षेप कशाला आहे? आक्षेप ‘तेच’ या शब्दाला आहे.

आपल्याकडे या शब्दावर शतकानुशतके वाद झाला आहे. दहा गाईंना आपण ‘गाय’ का म्हणतो? नैयायिक सांगतात, त्या सगळ्यांत ‘गोत्व’ नावाचे एक सामान्य खरोखरच आहे. आपण ते निर्माण करत नाही, ओळखतो. बौद्धांना हे मान्य नाही. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती म्हणतात, जगात प्रत्येक वस्तू निराळीच आहे. दोन वस्तू ‘तीच’ वाटतात, कारण आपण त्यांच्यातला भेद बाजूला सारतो. ‘गाय’ याचा अर्थ, गाय नसलेले सगळे वगळले. याला अपोहवाद म्हणतात. मग आपण वाटेल तसे वगळतो का? नाही. धर्मकीर्ती उदाहरण देतात ते ताप उतरवणाऱ्या औषधी वनस्पतींचे. आपल्या घरगुती भाषेत बोलायचे तर गुळवेल वेगळी, काडेचिराईत वेगळे. रूप वेगळे, कूळ वेगळे. तरी दोन्हींनी ताप उतरतो, म्हणून त्या कामापुरते आपण त्यांना एका गटात टाकतो. ‘त्या कामापुरते’ हे शब्द लक्षात ठेवा.

स्क्रिप्ट लिहिणारा मुलगा मनाने नैयायिक असतो. त्याला वाटतं, ही सगळी कामे मुळातच एकसारखी आहेत, मी फक्त ते ओळखलं. प्रत्यक्षात तो बौद्धांचे काम करत असतो. तो भेद वगळत असतो. छायाचित्र लहान करताना कुणाचा चेहरा आहे हा भेद वगळला तरी चालते, कारण त्या कामापुरता तो भेद बिनमहत्त्वाचा आहे. पण तेच चित्र चौकोनी मुखचित्रासाठी आपोआप कापायचे असेल, तर डावीकडे उभा असलेला माणूस चौकटीबाहेर जातो. आता भेद महत्त्वाचा झाला. चित्र तेच, यंत्र तेच. बदलले ते प्रयोजन.

आवाजाचेच उदाहरण घ्या. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० साली आवाजाची पातळी मोजण्याचा एक नियम केला, त्याला आर १२८ म्हणतात. एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना आवाज एकदम वाढू नये, यासाठी तो आहे. या मोजणीत शांत जागा हिशेबात धरत नाहीत. ते योग्यच आहे. मधल्या शांततेमुळे सरासरी खाली आली, तर यंत्र बोलणे उगाच मोठे करून ठेवील. म्हणजे पातळी मोजताना ‘शांतता म्हणजे काही नाही’ हे गृहीत बरोबर आहे. तेच गृहीत संपादनात आणले, की एका माणसाचे गप्प राहणे नाहीसे होते. एकच वाक्य एका कामापुरते खरे आणि दुसऱ्या कामापुरते खोटे.

म्हणून आमचे म्हणणे असे. एखादे काम ‘तेच ते’ आहे असे म्हणणे हे निरीक्षण नाही, तो निर्णय आहे. स्वयंचलनाने निर्णय घ्यायचे बंद होत नाही. निर्णय एकदाच घेतला जातो आणि मग दिसेनासा होतो. त्या मुलाने एका रात्री ‘एक सेकंद’ असा आकडा टाकला. त्या रात्री त्याच्यासमोर बहुधा एखादा रेंगाळत बोलणारा वक्ता असेल. त्या वक्त्यासाठी तो आकडा बरोबरही असेल. पण पुढच्या एकोणचाळीस वक्त्यांच्या बाबतीत तो निर्णय पुन्हा कुणी घेतलाच नाही. तो लागू होत गेला, इतकंच.

याचा एक मराठी मासला सांगतो, थोडा गमतीचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर जुन्या फाँटांत टाइप होत असे. तो आता वेबसाइटवर टाकायचा तर अक्षरे बदलावी लागतात, आणि ती ‘शोधा आणि बदला’ पद्धतीने यंत्राकडून बदलतात. योग्य आहे, हजारो पाने हाताने कोण टाइप करणार? पण मराठीत दोन प्रकारचे ‘र’ आहेत. ‘आचार्य’मधला रफार आणि ‘आचाऱ्या’मधला अर्धा ऱ. दुसऱ्याची हिंदीला गरज पडत नाही. त्यामुळे मराठी न जाणणाऱ्याने यादी केली, की दोन्ही ‘तेच’ ठरतात. आमचा एक जुना लेख असा बदलून आला. विषय होता व्यवहारज्ञान. आम्ही लिहिले होते, लग्नघरातल्या आचाऱ्याला मीठ मोजावे लागत नाही. छापून आले, लग्नघरातल्या आचार्याला मीठ मोजावे लागत नाही. एका वाचकाने पत्र लिहून विचारले, हे आचार्य म्हणजे शंकराचार्य की वल्लभाचार्य? आम्ही हसलो. पण त्याच रूपांतरात सह्याद्रीच्या ‘दऱ्यां’चा ‘दर्या’ झाला असणार, आणि शुद्धलेखन तपासणारे यंत्र गप्प बसले असणार. कारण ‘दर्या’ हा शब्द आहे. अर्थ बदलला, चूक दिसली नाही. निरर्थक अक्षरे आली असती, तर कुणी तरी थांबून पाहिले असते.

आता पुन्हा शांततेकडे. कापणे हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार याहून विलक्षण आहे. बोललेले लिहून काढणारी नवी यंत्रे आली आहेत, त्यांतले व्हिस्पर हे ओपनएआय या कंपनीने २०२२ साली खुले केले. सहा लाख ऐंशी हजार तासांच्या ध्वनीवर ते घडवले आहे, आणि ते चांगले काम करते यात शंका नाही. पण २०२४ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ते तपासले. त्यांना आढळले, की सुमारे एक टक्का ध्वनितुकड्यांत या यंत्राने मुळात कुणी उच्चारलेलीच नाहीत अशी वाक्ये घातली होती. कुणाच्या बाबतीत हे जास्त झाले? वाचाघात झालेल्या लोकांच्या. मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांना शब्द लवकर सापडत नाहीत, बोलताना ज्यांना वारंवार आणि लांब थांबावे लागते, त्यांच्या. संशोधकांनी याचा संबंध बोलण्यातल्या रिकाम्या जागांशी जोडला.

म्हणजे एक यंत्र शांतता कापते आणि दुसरे तिच्यात शब्द भरते. दोन्हींना ती शांतता म्हणून ठेवता येत नाही. आणि त्याची किंमत कोण देतो? जो अडखळतो, जो वयस्क आहे, ज्याला बोलणे जड जाते, किंवा ज्याला एका कठीण प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे आहे. अस्खलित बोलणाऱ्याचे यात काहीच बिघडत नाही. एक टक्का हा आकडा लहान वाटतो. पण तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

दुसरा मुद्दा, पुनरावृत्तीतून माणसाला काय मिळते. वॉल्टर मर्च हे अमेरिकन चित्रपटसंपादक. १९८८ साली सिडनीत त्यांनी एक व्याख्यान दिले, त्यातून पुढे ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ हे छोटे पुस्तक झाले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या १९७९च्या चित्रपटाचे ते एक संपादक होते. त्या चित्रपटासाठी साडेबारा लाख फूट फिल्म चित्रित झाली होती, म्हणजे दोनशे तीस तासांहून अधिक. अंतिम चित्रपट सुमारे अडीच तासांचा. मर्च यांनी हिशेब मांडला, की एका संपादकामागे दिवसाला सरासरी दीड जोडसुद्धा पडत नाही. मग उरलेला दिवस काय चालले होते? बघणे. पुन्हा बघणे. जोडून बघणे, सोडून बघणे.

जुन्या यंत्रावर हवा तो तुकडा शोधायचा तर मधली सगळी फिल्म डोळ्यांसमोरून सरकवावी लागे. काम कंटाळवाणे. पण मर्च यांचे म्हणणे असे, की त्या सरकवण्यात न शोधलेले काही तरी सापडते. संगणक मात्र मागाल तेच देतो, आणि जे मागायचे सुचलेच नाही ते मिळत नाही. तरीही मर्च संगणकाच्या विरोधात गेले नाहीत. ‘द इंग्लिश पेशंट’ त्यांनी संगणकावर संपादित केला आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. पण यंत्राने काय नेले हे त्यांनी ओळखले होते, म्हणून ते दृश्यांतली स्थिरचित्रे निवडून भिंतीवर लावत. जाता-येता ती नजरेस पडत. जुन्या कंटाळ्याने जे फुकट दिले होते, ते त्यांनी मुद्दाम परत आणले.

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली सवय आणि कौशल्य यांत केलेला फरक इथे उपयोगी पडतो. सवयीत प्रत्येक खेप आधीच्या खेपेची नक्कल असते. कौशल्यात प्रत्येक खेप आधीच्या खेपेतून शिकलेली असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, ‘तेच ते’. आतून एक यंत्राला देण्याजोगी असते आणि दुसरी नसते.

इथे आमच्यावर एक उलटा आक्षेप येतो, आणि तो आम्हीच घेतो. हाताने केले म्हणजे लक्ष देऊन केले, असे कुठे आहे? रात्री दोन वाजता चाळिसावा व्हिडिओ कापणारा मुलगा कुणाचे मौन ऐकणार आहे? बरोबर आहे. आणि आमचे काय? पस्तीसएक वर्षे आम्ही देकार्त शिकवला. त्यातली पहिली दहा वर्षे सोडली, तर पिवळ्या पडलेल्या त्याच नोट्स, तोच विनोद, त्याच ठिकाणी खोकणे. विद्यार्थ्यांना पुढचे वाक्य आधी ठाऊक असे. कुठलेही यंत्र नसताना आम्ही स्वयंचलित झालो होतो. त्या बाईंच्या मुलीला व्हिडिओत जो तयार उत्तरांचा वक्ता दिसला, तो अगदीच परका नव्हता, हे कबूल केले पाहिजे. उलट आमची पाठ केलेली वाक्ये त्या चित्रफितीत शाबूत होती. आम्हाला उत्तर माहीत नव्हते ती जागा तेवढी गेली. हे आम्हाला जास्त झोंबले.

तेव्हा माणूस विरुद्ध यंत्र असा हा सामना नाही. प्रश्न असा आहे, की लक्ष कुठे द्यायचे हे आपण ठरवतो की नाही. यंत्राने रटाळ काम उरकून जो वेळ वाचवला, तो लक्ष देण्यासाठी वापरला तर स्वयंचलनाचे भले झाले. तोच वेळ आणखी चाळीस व्हिडिओ ढकलण्यात गेला, तर पहिल्या चाळीसांकडेही कुणी पाहिले नाही, एवढेच हाती लागते.

मग करायचे काय? त्या मुलांशी बोलताना एक गोष्ट आम्हाला कळली, ती तुमच्यापैकी जे हे काम करतात त्यांना ठाऊक असेल. एफएफएमपेगमध्ये शांततेसाठी दोन निरनिराळ्या सोयी आहेत. एक शांतता काढून टाकते. दुसरी काहीच कापत नाही. शांतता कुठे सुरू झाली, कुठे संपली, किती सेकंद होती, याची फक्त यादी देते. आमच्या दृष्टीने सगळा प्रश्न या दोन सोयींमधल्या अंतराचा आहे. दाखवणे यंत्राकडे द्यावे, कापणे बघून करावे.

मुलांनी तसे करून पाहिले. मूळ ध्वनिमुद्रण एकाच्या हार्ड डिस्कवर निव्वळ योगायोगाने राहून गेले होते. बाकीच्या व्याख्यानांचे मूळ जागा करण्यासाठी पुसून टाकले होते, म्हणजे तिथे काय गेले हे आता कधीच कळणार नाही. दीड तासाच्या व्याख्यानात तीन सेकंदांपेक्षा लांब अशा वीस-बावीस जागा निघाल्या. त्या ऐकायला पंधरा मिनिटे लागली. कुठे आम्ही पाणी प्यालो होतो, कुठे चष्मा शोधत होतो, एकदा माइक बंद पडला होता. ते सगळे खुशाल कापा. ठेवण्याजोग्या जागा दोनच निघाल्या. दोन जागांसाठी पंधरा मिनिटे, हा भाव आम्हाला महाग वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी सुचवतो. मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा, कारण निर्णय चुकला तर परत जायला वाट हवी. आणि काय केले आहे ते बघणाऱ्याला सांगा. ‘या चित्रफितीतले विराम कमी केले आहेत’ एवढी एक ओळ खाली लिहिली असती, तर त्या मुलीने आईच्या आठवणीवर शंका घेतली नसती. जोड लपवणारी ती तिसरी पायरी, कॅमेरा जवळ आणण्याची, तिच्याबद्दल मात्र आम्ही कडक आहोत. कापलेले दिसू द्यावे. प्रत्यक्ष घडलेल्या बोलण्याची नोंद म्हणून जे लोकांपुढे ठेवता, त्यात शिवण लपवणे हे सुबकपणाचे काम नाही.

मुलांनी ती चित्रफीत अकरा सेकंदांसह पुन्हा तयार केली. आम्ही ती बाईंना पाठवली. त्यांनी मुलीला पाठवली असे कळले. मुलगी काय म्हणाली, ते आम्ही विचारले नाही.

आजच्या या भाषणाचेही रेकॉर्डिंग चालू आहे, आणि पुढे याचे शब्दांकन होईल. शब्दांकनात गप्प राहणे कसे लिहायचे, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. लिहिणाऱ्याने निदान कंसात ‘थांबतात’ असे लिहावे, एवढी विनंती. पाणी प्यायला थांबलो असलो तर नको.

आता तुमचे प्रश्न घेऊ. उत्तराला वेळ लागला तर तुम्हीही थोडे थांबा.